वडिलांच्या क्रमांकावर केलेला फोन : करोनाकाळातील शालेय समुपदेशनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यात औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका मोठ्या गावातील अनुदानित मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी जून २०१८ पासून समुपदेशक म्हणून काम करते. शाळेच्या मंजूर पदांत समुपदेशकाचे पद नसल्याने संस्थेने मला मानधनावर, आठवड्यातून तीन दिवसांसाठी नेमले. पाचवी ते दहावीचा पट साडेअकराशेच्या आसपास आहे. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे सांगते. आमच्याकडील प्रमाण त्याच्या चौपटीहून अधिक आणि तेही अर्ध्या आठवड्याचे. पुढे जे घडले त्यात या प्रमाणाचा वाटा आहे, म्हणून ते आधीच नोंदवते. मुलाची आणि त्याच्या आईची संमती घेऊन हे प्रकरण लिहिले आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.

टाळेबंदीपूर्वी माझे काम एका खोलीत चालत असे. प्रयोगशाळेशेजारची ती खोली लहान होती. आत दोन खुर्च्या, एक टेबल आणि दाराला आतून कडी होती. दहावीच्या मुलांच्या कल चाचणीचा अहवाल पालकांना समजावून सांगणे, परीक्षेची भीती घेतलेल्या मुलांशी बोलणे, वर्गातील भांडणे आणि रुसवेफुगवे ऐकून घेणे, अधूनमधून एखाद्या मुलीने घरातील मारहाणीबद्दल सांगितले की ठरलेल्या रीतीने मुख्याध्यापकांना कळवणे, असा तो दिनक्रम होता. मूल दाराशी आले की माझे काम सुरू होते आणि ते बाहेर पडले की थांबते, असे मी मानत असे. गोपनीयता म्हणजे काय असे कोणी विचारले असते, तर त्या कडीकडेच मी बोट दाखवले असते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या दहावीचा २३ मार्चला ठरलेला भूगोलाचा शेवटचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. जूनपासून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाखाली अभ्यासाचे दुवे व्हॉट्सॲपच्या गटांवर येऊ लागले, आणि त्याच गटांवर मी श्वसनाचे व्यायाम, झोपेचे वेळापत्रक, परीक्षेचा ताण यांविषयीचे मजकूर टाकू लागले. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केल्यावर त्याचा निःशुल्क क्रमांकही मी सर्व गटांवर पाठवला. त्या वर्षभरात माझ्याशी स्वतःहून बोलायला किती मुले आली याची नोंद मी काढून पाहिली, तेव्हा ती दहाच्याही आत होती. खोली नाहीशी झाली होती, मात्र मी मुलांनी दाराशी येण्याची वाट पाहत राहिले होते.

या प्रकरणातील मुलगा २०२०-२१ मध्ये दहावीत होता. वडील वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होते, आई घरी शिवणकाम करी आणि धाकटी बहीण आमच्याच शाळेत पाचवीत होती. घरात स्मार्टफोन एकच होता, तो वडिलांचा. वडील पाळीवर गेले की फोनही जाई, त्यामुळे सकाळच्या पाळीच्या आठवड्यात दोन्ही मुलांचा वर्ग बुडे आणि रात्रपाळीच्या आठवड्यात वडील झोपलेले असताना दोघे आळीपाळीने तो वापरत. नववीत या मुलाला ७० टक्क्यांच्या वर गुण होते. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस नववी-दहावीचे वर्ग अर्ध्या पटाने भरले तेव्हा तो नियमित येत असे, आणि एक सराव परीक्षाही त्याने दिली. फेब्रुवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या.

अडचण कशी समोर आली

एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस मूल्यमापनाचे सूत्र जाहीर झाले. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीच्या वर्षातील अंतर्गत लेखी कामावरून आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनावरून द्यायचे होते. जूनमध्ये हे गुण मंडळाकडे जायचे होते, आणि शाळेकडे कित्येक मुलांचे फेब्रुवारीनंतरचे काहीच नव्हते. वर्गशिक्षकांनी ‘संपर्क होत नाही’ अशा १४ मुलांची यादी केली. शिक्षकांपैकी काही जण करोना सर्वेक्षणाच्या कामावर होते आणि वर्गशिक्षक स्वतः नुकतेच आजारातून उठले होते. मुख्याध्यापकांनी यादी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “तुमचं मुलांशी चांगलं जमतं. प्रकल्पवह्या आणि स्वाध्याय तेवढे मागवून घ्या.”

मी यादी घेतली. या प्रकरणातील पहिला निर्णय हाच होता आणि तो निर्णय आहे हे त्या वेळी माझ्या लक्षातही आले नाही. गुणांसाठी फोन करणारी व्यक्ती आणि मुलाचे ऐकून घेणारी व्यक्ती एकच असावी का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

शाळेच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे वडिलांचा क्रमांक होता. व्हॉट्सॲपवर त्या क्रमांकासमोर वडिलांचाच फोटो दिसत होता, बहुधा कारखान्यातील विश्वकर्मा पूजेच्या दिवशी काढलेला. तीन वेळा रिंग वाजून थांबली. चौथ्यांदा मुलाने फोन उचलला. मी नाव सांगितले आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, “बाबांना दे जरा फोन.”

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “बाबा नाहीत, मॅडम.”

मी विचारले, “कामावर गेलेत का? कधी येतील?”

“ते गेले. एप्रिलमध्ये.” आणि मला काही सुचण्याच्या आतच त्याने विचारले, “तुम्ही वह्यांसाठी फोन केलाय ना?”

मी हो म्हणाले, कारण ते खरे होते. त्याने दोन दिवसांत पाठवतो असे सांगून फोन ठेवला. वह्या आल्या नाहीत आणि पुढचे पाच दिवस त्याने फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी केल्यावर चित्र थोडे स्पष्ट झाले. वडिलांना एप्रिलच्या मध्यास ताप आला. खाट मिळेपर्यंत तीन दिवस गेले, आणि अखेरच्या आठवड्यात एका रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. आईलाही लागण झाल्याने ती घरात विलगीकरणात होती, म्हणून रुग्णालयाच्या फेऱ्या सोळा वर्षांच्या या मुलानेच एका चुलत्याबरोबर केल्या. मे महिन्यापासून तो पहाटे अडीचला उठून एका टेम्पोवर भाजीचे क्रेट चढवायला-उतरवायला जात होता. या सगळ्या काळात शाळेच्या गटावरचे रोजचे स्वाध्याय, माझे ताणमुक्तीचे मजकूर आणि ‘पालकांनी पाल्याच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ अशा सूचना त्या मृत माणसाच्या फोनवर जात होत्या आणि तो फोन या मुलाच्या खिशात होता.

समोर असलेले पर्याय

गुणांचा प्रश्न तातडीचा होता, पण प्रत्यक्षात सर्वांत सोपा तोच होता. नववीचे चांगले गुण आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील काम पाहता तो उत्तीर्ण होण्यास अडचण नव्हती. राहिलेल्या भागासाठी फोनवरून तोंडी घेता येईल असे दोन शिक्षकांनी लगेच मान्यही केले. हे काम एवढ्यावर थांबवून यादीतील पुढच्या नावाकडे वळणे हा एक पर्याय होता, आणि माझ्या नेमणूकपत्रातील कामांची यादी पाहिली तर तो चुकीचाही ठरला नसता.

दुसरा पर्याय त्याला पुढे पाठवण्याचा होता, म्हणजे मनोदर्पणच्या क्रमांकावर किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडे. त्यावर मी बराच विचार केला. शोकाकुल मुलाला ताबडतोब उपचारांची गरज असतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे असा क्रम सांगितला आहे. त्यातले पहिले दोन टप्पे न करता मी तिसऱ्यावर उडी घेतली असती, तर त्याच्या हातात आणखी एक क्रमांक तेवढा पडला असता. मात्र जिवाला धोका आहे का हे तपासल्याशिवाय थांबणेही योग्य नव्हते. म्हणून पाठवण्याचा निर्णय पहिल्या नीट बोलण्यानंतर घ्यायचे ठरवले.

तिसरा पर्याय ठरावीक वेळी फोनवरून बोलण्याचा होता. खोलीत मी दार लावून घेत असे. फोनवर मात्र तो कुठे आहे, शेजारी कोण आहे, स्पीकर सुरू आहे का, यांतले काहीच माझ्या हातात नव्हते. घर दहा बाय बाराच्या दोन खोल्यांचे होते आणि त्यात आई, बहीण आणि त्या दिवसांत मुक्कामाला आलेली आजी होती.

चौथा पर्याय घरी जाण्याचा होता. शाळेच्या समुपदेशकाने विद्यार्थ्याच्या घरी जाऊ नये असे मी शिकले होते, कारण त्याने नात्याची चौकट बदलते आणि वस्तीत चर्चा होते. संसर्गाची भीतीही होतीच. मृत्यूनंतर शाळेतून कोणीच त्या घरी गेलेले नव्हते, आणि हेच माझ्या मनातून जाईना. आपल्याकडे ज्या घरी माणूस गेले तिथे भेटायला जातात. त्या वर्षी दहाव्या-तेराव्यालाही कोणी जमू शकले नाही आणि अनेक घरांचे दुःख कोणी बघितलेच नाही.

कामाचा प्रश्न वेगळाच होता. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटासाठी धोकादायक कामे निषिद्ध आहेत. सोळाव्या वर्षी टेम्पोवर हमाली करणे त्या यादीत सरळ बसत नव्हते, तरी पहाटे अडीचचे ते काम त्याच्या हिताचे नव्हते हे उघड होते. बाल कल्याण समितीकडे तक्रार करायची का? केली असती तर घरातील एकमेव रोजची कमाई थांबली असती, आणि ती कोणामुळे थांबली हे त्याला कळले असते. कमाईला दुसरा आधार उभा राहीपर्यंत तक्रार करायची नाही, पण आधार शोधण्यात एक दिवसही दवडायचा नाही, असे मी ठरवले. हा निर्णय मुख्याध्यापकांना सांगून नोंदवहीत कारणांसह लिहिला. आजही तो मला पूर्णपणे निःशंक वाटत नाही.

प्रत्यक्षात काय केले

सर्वांत आधी मी मुख्याध्यापकांना सांगितले की गुणांसाठीचे फोन यापुढे मी करणार नाही. त्यांना ते आवडले नाही. माणसे कमी होती आणि मी हाताशी असताना काम नाकारते आहे असे त्यांना वाटले. मुलाने विचारलेला प्रश्न मी त्यांना जसाच्या तसा सांगितला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि यादी त्यांनी वर्गशिक्षकांकडे परत दिली. वर्गशिक्षकांनी मुलाला स्वतः फोन करून आधी वडिलांविषयी विचारपूस केली, मग तो टेम्पोवरून परत येऊन झोपून उठतो त्या वेळी, म्हणजे दुपारी तीननंतर, चार दिवसांत तोंडी परीक्षा घेतल्या. त्याला वह्या पाठवाव्या लागल्या नाहीत.

त्यानंतर मी आईला फोन केला. “ताई, मला आधी माहीत नव्हतं, मी तुमच्या मुलाला त्याच्या वडिलांनाच फोन द्यायला सांगितलं,” असे सांगून क्षमा मागितली आणि घरी येऊ का असे विचारले. त्या म्हणाल्या, “या मॅडम. शाळेतलं कोणी येईल असं वाटलं होतं आम्हाला.” जूनच्या अखेरीस वर्गशिक्षक आणि मी असे दोघे गेलो. मुखपट्टी लावून ओट्यावरच बसलो आणि अर्धा तास थांबलो. त्या भेटीत मी समुपदेशन असे काहीच केले नाही. आई बोलत होत्या आणि मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. निघताना त्याने आम्हाला रस्त्यापर्यंत सोडले आणि वर्गशिक्षक पुढे गेल्यावर हळूच विचारले, “मॅडम, तुमचा परत फोन येणार आहे का?”

मग फोनवरील बोलण्याची व्यवस्था आम्ही दोघांनी मिळून ठरवली. मंगळवार आणि शुक्रवारी सायंकाळी साडेपाचला तो फोन घेऊन गावच्या पाण्याच्या टाकीपाशी जाईल आणि इअरफोन लावेल. कोणी जवळ आले तर तो “गृहपाठ करतो मॅडम” असे म्हणेल, मग मी विषय बदलून अभ्यासाचे विचारीन किंवा फोन ठेवीन. आपले बोलणे आईला मी सांगणार नाही, पण त्याच्या किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर सांगावेच लागेल, हेही पहिल्याच वेळी स्पष्ट केले. त्याच वेळी मी त्याला सरळ विचारले की जगू नये असे वाटते का. तो म्हणाला, “नाही. झोप येत नाही एवढंच.” त्याच्या झोपेचे, खाण्याचे आणि कामाचे वर्णन ऐकून तातडीने पुढे पाठवण्याची गरज मला दिसली नाही. तरी ज्या ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञांचा सल्ला मी घेते, त्यांच्याशी त्याच आठवड्यात बोलून खात्री करून घेतली.

पुढचे काम कागदांचे होते. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

वडील ठेकेदाराकडे असले तरी त्यांच्या पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची वर्गणी कापली जात होती. आईंना त्याचा उपयोग फक्त दवाखान्यापुरता माहीत होता. करोनाने मृत्यू पावलेल्या विमाधारक कामगारांच्या आश्रितांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाने जून २०२१ मध्ये एक साहाय्य योजना जाहीर केली होती, आणि तीत कामगाराच्या सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के दराने येणारी रक्कम दरमहा आश्रितांत वाटून मिळणार होती. आजाराचे निदान होण्याच्या किमान तीन महिने आधी नोंदणी झालेली असणे आणि त्याआधीच्या वर्षात किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असणे, या तिच्या अटी होत्या. हे मला माहीत असण्याचे कारण नव्हते. आमच्याच शाळेतील एका मुलीचे वडील कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात आहेत, त्यांनी ते सांगितले. २०२० च्या टाळेबंदीत कामाचे खाडे पडल्यामुळे ७० दिवस भरतात की नाही याची शंका होती. ठेकेदाराकडून हजेरीचे आणि वर्गणीचे कागद मिळवण्यातच सहा आठवडे गेले. त्याशिवाय दोन्ही मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा, म्हणजे पालक गमावलेल्या मुलांच्या सांभाळासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज होता, भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या विम्याचा दावा होता, आणि या सगळ्यासाठी मृत्यूच्या दाखल्याबरोबर करोनाचे निदान दाखवणारे कागद लागत होते.

हे समुपदेशकाचे काम आहे का? जुलैमध्ये मी स्वतःला हा प्रश्न विचारत होते आणि उत्तर न मिळताच अर्ज भरत होते. आईंना मराठी वाचता येत होते, पण अर्जांची भाषा त्यांना अवघड जात होती. चुलते काही दिवसांनी आपल्या कामाला निघून गेले होते. मुलगा फोनवरून कागदांचे फोटो पाठवी आणि मी रकाने भरी. एका शुक्रवारी ‘मृत्यूचा दिनांक’ हा रकाना आला. दाखल्याचा फोटो अस्पष्ट होता म्हणून मी तारीख विचारली. तो म्हणाला, “२७ लिहू की २८, मॅडम? रात्रीचे बारा वाजत होते. मला खाली बसवलं होतं. वरून फोन आला तो बाबांच्याच फोनवर आला, कारण फोन माझ्याकडे होता.” त्यानंतर तो चाळीस मिनिटे बोलला. रिक्षातून नेताना वडिलांनी त्याला काय सांगितले, ऑक्सिजनची खाट मिळाल्यावर तो पहिल्यांदा जेवला आणि नंतर त्या जेवण्याचीच त्याला लाज वाटली, हे सगळे त्या एका रकान्यामुळे बाहेर आले. कडी लावलेल्या खोलीत दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून “तुला काय वाटतं ते सांग” असे म्हटले असते, तर हा मुलगा माझ्याशी बोलला असता असे मला वाटत नाही.

पण त्याच कागदांनी नंतर वाट अडवली, हेही तितकेच खरे आहे. त्या शुक्रवारनंतरच्या पाच फोनमध्ये आम्ही केवळ अर्जांविषयी बोललो. तो सुरुवातच “मॅडम, ठेकेदार म्हणाला की…” अशी करी आणि मीही हुशारीने पुढचा कागद सुचवी. सल्ला देणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी माझ्या नोंदी वाचून विचारले, “या पाच फोनांत तो कसा आहे हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?” मी विचारले नव्हते. त्या रात्रीचे ऐकल्यावर मीही घाबरले होते आणि कागद हा आम्हा दोघांना मिळालेला आडोसा होता. ऑगस्टच्या मध्यापासून अर्जांचे काम गावातील अंगणवाडी सेविका आणि ते मनुष्यबळ विभागातील पालक यांच्याकडे सोपवले. त्याच महिन्याच्या अखेरीस राज्य सरकारने करोनाने विधवा झालेल्या स्त्रियांना योजनांशी जोडून देण्यासाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले, तेव्हा तालुक्याच्या पातळीवर विचारपूस करण्याची जागाही तयार झाली. मंगळवार आणि शुक्रवार पुन्हा बोलण्यासाठी मोकळे झाले.

परिणाम

१६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता. या मुलाला ७६ टक्के गुण मिळाले. अकरावीच्या प्रवेशासाठी ठरवलेली सामाईक परीक्षा १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि दहावीच्या गुणांवर त्याला चांगल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश मिळू शकला असता. त्याने अर्ज भरला नाही. आई, वर्गशिक्षक आणि मी असे तिघांनी त्याला वेगवेगळे समजावले, आणि मला वाटते की आम्ही तिघांनी बोलणे हेच जास्त झाले. सप्टेंबरमध्ये त्याने तीन आठवडे माझे फोन घेतले नाहीत. मग स्वतःच फोन करून म्हणाला की पैसे सुरू झाल्याशिवाय तो काम सोडणार नाही, आणि याविषयी कोणी बोलू नये. मी ते मान्य केले.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर करोना मृत्यूसाठी ठरलेले ५०,००० रुपयांचे साहाय्य डिसेंबरमध्ये आईंच्या खात्यात आले. ईएसआयची मासिक रक्कम फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर झाली. ७० दिवसांची अट अगदी थोडक्यात पूर्ण झाली होती. मार्चपासून मुलाने पहाटेचे काम सोडले आणि त्या वर्षी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. एक वर्ष गेले ते गेलेच. आमचे बोलणे पुढे महिन्यातून एकदा आणि मग त्याच्या इच्छेनुसार थांबले.

धाकटी बहीण मात्र माझ्या नजरेतून पूर्णपणे सुटली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले तेव्हा ती सहावीत आली. दिवाळीनंतर तिच्या वर्गशिक्षिकेने सांगितले की ही मुलगी हजेरीलाही बोलत नाही, नुसता हात वर करते. मी त्या घरी जाऊन आले होते, आईशी कितीदा तरी बोलले होते, बालसंगोपनाच्या अर्जात तिचे नाव आणि जन्मतारीख माझ्या हाताने लिहिली होती. पण मला नेमून दिलेले काम नववी-दहावीचे होते, यादीत भावाचे नाव होते, आणि ती माझ्यासाठी अर्जातील एक रकाना होऊन राहिली. तिच्याशी काम सुरू झाले ते वडील गेल्यानंतर सात महिन्यांनी. वर्गात पुन्हा बोलायला तिला आणखी चार महिने लागले.

वेगळे काय करता आले असते

पहिला फोन करण्याआधी एक विचारपूस पुरेशी होती. एप्रिल-मे २०२१ मध्ये गावात कोणाच्या घरी काय घडले हे ग्रामपंचायत, आशासेविका आणि किराणा दुकानदार यांना माहीत होते, शाळेलाच ते माहीत नव्हते. १४ जणांची यादी हाती आल्यावर मी त्यांच्यापैकी एकाला जरी विचारले असते, तरी “बाबांना दे जरा फोन” हे वाक्य माझ्या तोंडून गेले नसते. यादीतील उरलेल्या १३ घरांना शाळेतून फोन जाण्याआधी मी ते केले, आणि आणखी दोन घरांत मृत्यू झाल्याचे समजले.

अर्जांच्या कामापासून मी सुरुवातीलाच दूर राहायला हवे होते का, याचे उत्तर माझ्याकडे सरळ नाही. तो रकाना दुसऱ्या कोणी भरला असता तर त्या रात्रीचे बोलणे कदाचित झालेच नसते. आज मी एवढे करते की पहिले दोन कागद मुलाबरोबर बसून भरते आणि तिसऱ्यापासून ते काम नाव-गाव ठरवून दुसऱ्या व्यक्तीकडे देते. मधल्या काळात माझ्या नोंदवहीतील सलग दोन भेटी फक्त कागदांच्या असतील, तर सल्लागारांना फोन करते.

फोनवरून मदत करताना मुलाने ठरवलेली जागा आणि वेळ पाळणे उपयोगी पडले. तरी सप्टेंबरमधील तीन आठवड्यांच्या शांततेत माझ्याकडे दुसरी व्यवस्था नव्हती. त्याने फोन उचलला नाही तर कोणी त्याला पाहून यावे, हे पहिल्याच दिवशी त्याच्याशी बोलून ठरवायला हवे होते. टेम्पोचा मालक हा त्या काळात त्याला रोज पाहणारा घराबाहेरचा एकमेव प्रौढ माणूस होता आणि त्याच्याशी मी कधी बोललेच नाही. त्याला मी कामगार ठेवणारा म्हणून पाहिले. वडील गेल्यावर या मुलाला टेम्पोत पुढे आपल्या शेजारी बसवून रोज न्याहारी देणारा तोच होता, हे मला वर्षभराने कळले.

माझे नेमणूकपत्र बदललेले नाही. तीन दिवस तेच आहेत आणि खोलीही परत मिळाली आहे. पण त्या तीन दिवसांतील एक सकाळ मी आता खोलीबाहेर, वस्तीत आणि पालकांच्या घरी घालवते, आणि याला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आहे. एका मुलाचे नाव समोर आले की त्याच शाळेत शिकणाऱ्या त्याच्या भावंडांची नावे त्याच पानावर लिहिते, मग ती कोणत्याही इयत्तेत असोत. प्रवेशाच्या वेळी भरायच्या माहितीपत्रकात आम्ही दोन ओळी वाढवल्या आहेत : फोन कोणाकडे असतो, आणि मुलाशी एकट्याने बोलायचे असेल तर कोणत्या वेळी करावा.

जून २०२२ मध्ये बहिणीचे सातवीचे माहितीपत्रक माझ्याकडे आले. संपर्क क्रमांकाच्या जागी तिने वडिलांचाच क्रमांक लिहिला होता. आईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की तो नंबर बंद करायचा नाही, दर महिन्याला त्या त्यावर रिचार्ज टाकतात आणि फोटोही तसाच ठेवला आहे. मी क्रमांक बदलला नाही. त्याच्यापुढे वर्गशिक्षिकेसाठी लिहिले की हा फोन आता आईकडे असतो, आणि उचलल्यावर आधी आईचे नाव घ्यावे.